अकरा कुंड्या

"मैंने, मेमसाब." एवढं बोलून झालं, शेषरावानं मान वर केली, आणि दोरीच्या पलीकडं बायांच्या घोळक्यात त्याला जयवंता दिसली. त्याची बायको. कमरेवर हाराची रिकामी टोपली, पदर कानामागं नीट खोचलेला, आणि नजर सरळ त्याच्यावर. ती इथं येईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. अंबादेवीपाशी त्याच्या भावाचं, वामनरावाचं, फुलांचं दुकान. कॅम्पातल्या फुलांच्या प्रदर्शनात पाहुण्यांच्या गळ्यात घालायचे हार तिथूनच यायचे होते हे खरं, पण ते घेऊन भावजयीनं, आशाबाईनं, नेमकं आज हिलाच धाडावं! दुसरं कोणी नव्हतं काय घरात? मेमसाब पुढं काहीतरी बोलत होती, तिच्या शेजारचे दोन साहेब मान हलवत होते, अकरा कुंड्यांतली जिरेनियमची लाल फुलं पौषाच्या उन्हात अशी काही उजळली होती की पाहणाऱ्यानं पाहतच राहावं, आणि शेषरावाला मात्र आपल्याच तोंडातून निघालेला तो एक शब्द पुन्हापुन्हा ऐकू येत होता. मैंने. उन्हाळ्यात ही झाडं कोणी सांभाळली, एवढंच तर बाईनं विचारलं होतं.

आणि विचारलं तेही सोळा वर्षांत पहिल्यांदा. सोळा वर्षं तो जज्जाच्या बंगल्यावर माळी होता. साहेब बदलले, मेमसाबा बदलल्या, एकीला गुलाबाचं वेड तर दुसरीला हिरवळीचं, एक तर अशी भेटली की तिला फुलांपेक्षा टोमॅटोचंच कौतुक. माळी मात्र तोच. दर पौषात प्रदर्शन भरायचं. रात्रभर थंडीत कुडकुडत कुंड्या पुसायच्या त्यानं, पिवळं पान हेरून खुडायचं त्यानं, आणि सकाळी कुंडीपुढं पुठ्ठ्याची चिठ्ठी उभी राहायची, तिच्यावर नाव साहेबाचं. कप साहेबाला. टाळ्या मेमसाबला. शेषराव मागं हात बांधून उभा, डोक्याला लाल पागोटं, अंगात धुतलेला कोट. घरी आल्यावर तो जयवंतापाशी तणतणायचा, "घाम आमाले, नाव त्याईले! इचारत नाई कोनी, का बाबा कोनं केलं हे. एक डाव इचारलं असतं त काय जीभ झडली असती?" ती भाकर थापता थापता म्हणायची, "इचारतीन एखांद्या वर्सी." हे तिचं ठरलेलं बोलणं. आणि आज, बघा, विचारलं. मग सोळा वर्षांचा भुकेला माणूस ताट पुढं आल्यावर हे ताट कोणाचं म्हणून चौकशी करत बसेल काय? शब्द तोंडातून निसटला, इतकंच. तोही हिंदीत. हिंदीत साहेबलोकांशी माणूस हजार गोष्टी बोलतो, त्या काय घरच्या हिशेबात धरायच्या असतात! असं त्यानं स्वतःला तिथल्या तिथं समजावलं. पण जयवंतानं नजर काढली नव्हती, आणि तिला हिंदी कळत होतं.

मेमसाबनं मग छोटी वही काढली. "कैसे?" तिनं विचारलं. कसं? आता आली का पंचाईत. कसं ते शेषरावाला ठाऊकच नव्हतं. उन्हाळाभर तो अमरावतीत नव्हताच मुळी. पण थांबायला सवड कुठं होती. थांबलं की खोटं उघडं पडतं. त्याच्या बापजाद्यांनी विहिरीच्या पाण्यावर जन्म काढलेला, मोट ओढून, पाट फोडून, वाफे भिजवून. माळ्याच्या तोंडातून दुसरं काय निघणार? "दिन में तीन बार पानी, मेमसाब. सुबह, दोपहर, शाम. और गीला बोरा लपेटके रखा." बाई लिहीत होती. तिच्या शेजारचा साहेब म्हणाला, वंडरफुल. शेषरावानं पुन्हा दोरीपलीकडं पाहिलं. जयवंतानं टोपली एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली आणि ती वळून चालू लागली. घाईनं नाही. बाजार आटोपल्यावर बाई जाते तशी.

संध्याकाळी कुंड्या बंगल्यावर पोचवून तो पायीच घराकडं निघाला. कॅम्पातून अंबागेटपर्यंत वाट काही थोडीथोडकी नाही, पण आज ती संपू नये असं त्याला वाटत होतं. मालटेकडीपाशी थांबून त्यानं बिडी पेटवली, दोन झुरके मारले आणि टाकून दिली. बोटांना अजून त्या पानांचा वास होता. जिरेनियमचं हे एक विचित्रच. फुलाला वास नाही आणि पानाला असा की चोळलं तर दोन दिवस हाताचा जात नाही. काहीसा तिखट, काहीसा लिंबाच्या सालीसारखा, वर आणखी काहीतरी जे दुसऱ्या कशात नाही. वामनराव पहिल्यांदा फूल पाहून म्हणाला होता, "काय कामाचं बुवा हे? देवाले चालत नाई, वेनीत माळत नाई, हारात ववलं का पाकया गळतेत. साहेबाचंच फूल आहे हे, नुसतं पाह्याचं." घरातल्या सगळ्यांना ते पटलं होतं. एका जयवंतानं तेव्हा पान चोळून नाकाशी नेलं होतं आणि डोळे मिटले होते. तिच्या चेहऱ्यावर असं सुख त्यानं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. आणि त्याला, खोटं कशाला बोला, थोडा रागच आला होता.

ही झाडं घरी आली तीही टाकलेली म्हणून. गेल्या फाल्गुनात बंगल्यावर एकतीस कुंड्या होत्या. ऊन तापायला लागलं की साहेबलोक चिखलदऱ्याला जात, आणि त्यांच्यामागं बैलगाडीत गवत अंथरून, त्यात कुंड्या बसवून, शेषराव. परतवाड्याला मुक्काम, मग घाट. वऱ्हाडच्या उन्हात जिरेनियम टिकत नाही हे कॅम्पात सगळ्यांनाच ठाऊक. मेमसाबनं वीस चांगल्या निवडल्या आणि उरलेल्या अकरांकडं बोट करून म्हणाली, फेंक दो. फेकायला शेषरावाचा हात होईना, माळ्याचा हात तो. एका छकड्यात घालून त्यानं त्या घरी आणल्या, अंगणात ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो चिखलदऱ्याच्या वाटेला लागला. जाताना जयवंताला म्हणाला, "मरतीन त मरू दे. तुले काय जमते पान्याचं!" हे त्यानं मुद्दाम दुखवायला म्हटलं नव्हतं. घरात सगळे असंच बोलत. जयवंता हिवरखेडकडची, कोरडवाहू काळ्या रानातली. बापाला चाळीस एकर जमीन, पण सगळी आभाळाकडं तोंड करून पडलेली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासूनं तिला शेवंतीची रोपं सांभाळायला दिली आणि हिनं त्यांना एक दिवसाआड पाणी घातलं. म्हणाली होती, रोज पाजलं का मूळ आळशी होते. रोपं गेली. झालं! तेव्हापासून बावीस वर्षं, सासू मरेपर्यंत आणि मेल्यावरही, घरात कोणाचं काही वाळलं की हसून म्हणायचे, जयवंताचा हात लागला असन. तीही हसायची. तुळशीला मात्र तीच पाणी घालायची, आणि परसातला लसूण तिच्यासारखा कोणाला यायचा नाही, पण ते कोण मोजतो.

ज्येष्ठात तो पुतणीच्या लग्नासाठी दोन दिवस खाली आला होता. तेव्हा अंगणात त्यानं काय पाहिलं? अकराच्या अकरा कुंड्या भिंतीशी उपड्या घालून ठेवलेल्या. माती एका बाजूला ढीग करून, वर गोणपाट. मेली, तो मनात म्हणाला, आणि त्याला जरा बरंच वाटलं. होय, बरंच. आता मालटेकडीच्या उतारावर ते कबूल करताना त्याचं तोंड कडू झालं, पण तेव्हा बरंच वाटलं होतं. तिला एका शब्दानं विचारलं नाही. काय विचारायचं त्यात? दुपारी मधल्या अंधाऱ्या खोलीत खाटेवर पडला, जेवण अंगावर आलं होतं, आणि झोप लागता लागता त्या पानांचा वास आला. बोटांना असेल, त्याला वाटलं. वीस कुंड्यांत रोज हात असतो आपला. तो कुशीवर वळला आणि झोपला.

मग मेमसाबला चिखलदऱ्याचा पाऊस आवडला. साहेब खाली कोर्टाला गेले, ती दसऱ्यापर्यंत वरच राहिली, धुक्यात छत्री घेऊन हिंडत. इकडं वीस कुंड्या त्या ओलीत एक-एक करून कुजल्या. देठ मुळापासून काळा पडायचा, हात लावला की लिबलिबीत. भाद्रपद संपेतो एक राहिली नाही. शेषराव वीस रिकाम्या कुंड्या घेऊन घाट उतरला तेव्हा नोकरी जाणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. आणि घरी येऊन पाहतो, तर अंगणात ओळीनं अकरा कुंड्या, अकरा झाडं, मुठीएवढी हिरवी, नव्या पानांनी भरलेली. जयवंता दारात उभी होती. हात पदराला पुसत होती, आणि ते पुसून झाले तरी पुसतच होती. तोंडावर सगळं येऊन थांबलेलं. एक शब्द विचारला असता तर तिनं चैत्रापासून दसऱ्यापर्यंतचं सगळं सांगितलं असतं, कदाचित हातवारे करून, हसत हसत. त्यानं काय म्हटलं? "अरे वा! जगले व्हय?" आणि अंघोळीला पाणी काढ म्हणाला. दुसऱ्या सकाळी हातगाडीवर घालून अकराही कुंड्या बंगल्यावर. बाईनं टाळ्या वाजवल्या. शेषरावाला जीव परत मिळाल्यासारखं झालं. इतक्या आनंदात माणसाला बायकोचे हात कुठून आठवणार!

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. आता ही बोलेल, त्यानं मनाची तयारी केली. बोलेल तर आपण काय म्हणायचं तेही ठरवून ठेवलं होतं: साहेबापुढं बायामाणसाचं नाव घेतात काय, लोक हसले असते, आणि तुझं-माझं काय वेगळं आहे? शेवटचं वाक्य त्याला फारच पसंत पडलं होतं. पण जयवंतानं पाट मांडला, बेसन वाढलं, भाकर वाढली, कांदा फोडून दिला. समोर बसून लाकडं सारून चूल सारखी केली. मग म्हणाली, "गर्दी लय होती."

"कोठी?" तो म्हणाला. काय हा मूर्खपणा, कोठी म्हणे!

"तठीच. परदर्शनात." आणि आणखी भाकर हवी का विचारलं.

बस्स. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. संक्रांत आली, तिळगूळ झाला, मोर्शीहून लेक जमुना चार दिवस राहून गेली. जयवंता तिच्याशी हसली, बोलली, तिच्या पोराला न्हाऊ घातलं. भांडण झालं असतं तर शेषराव जिंकला असता, नाहीतर हरला असता, काहीतरी निकाल लागला असता. हे भलतंच. ती त्याला मान द्यायला लागली. सकाळी तांब्या घेऊन तुळशीपाशी उभी राहायची आणि विचारायची, "पानी घालू का जी तुयशीले?"

"घाल नं. मले काहून इचारतं?"

"नाई, तुमाले ठाव. माया हात वाईट."

लसणाचं तेच. पात पिवळी पडली, उपटू का? कढीपत्त्याची फांदी छाटू का? बावीस वर्षं जे तिनं कोणाला न विचारता केलं ते सगळं ती आता त्याला विचारून करत होती, गरीब आवाजात, मान खाली घालून, आणि आशाबाई तर म्हणायला लागली की जयवंताले आता कोठी अक्कल आली. शेषरावाला ओरडावंसं वाटे. पण काय ओरडायचं? बायको मान देते म्हणून? त्याला रात्रंदिवस एकच गोष्ट कुरतडत होती, आणि ती कोणाला सांगायची सोय नव्हती: हिनं ती झाडं जगवली कशी? तीस वर्षं माती हातात घेतलेला माळी तो, त्याला ते माहीत नव्हतं, आणि हिवरखेडच्या या बाईला होतं. विचारावं तर पहिल्यांदा ती दोरी आडवी येते. ती टोपली. तो शब्द.

फाल्गुनात हुकूम आला. मेमसाबनं वर चिठ्ठी लिहिली होती, ती नागपूरपर्यंत जाऊन आली म्हणे, आणि अकोल्याच्या एका सरकारी बागेत शेषरावाला हेडमाळी नेमलं होतं. राहायला क्वार्टर, हाताखाली तीन माळी. वामनरावानं पेढे वाटले. साऱ्या अंबागेटात नाव झालं. शेषरावानं आयुष्यात एवढी एकच गोष्ट मागितली होती, की कोणीतरी म्हणावं हे या माणसानं केलं, ती मिळाली. सोबत एक छापील कागद आला, इंग्रजीत, खाली मराठीत उतरवलेला. बागवाल्या साहेबलोकांच्या मंडळीनं तो काढला होता. वर मथळा: शेषराव माळी यांची उन्हाळ्यात जिरेनियम जगवण्याची रीत. दिवसातून तीन वेळा पाणी, सकाळ, दुपार, संध्याकाळ. कुंडीला ओलं गोणपाट. स्वतःचं नाव छापलेलं त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिलं. जयवंताला वाचता येत नव्हतं. जमुनाच्या नवऱ्यानं, गोवर्धननं, तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "अजून एक डाव वाचा जी." जावयानं पुन्हा वाचलं.

अकोल्याला ते दोघं बडनेऱ्याहून गाडीनं गेले. खिडकीतून दोन्ही बाजूंनी कापसाची रिकामी रानं, वाळल्या पळाट्यांचे, कापसाच्या काड्यांचे ढीग, भेगाळलेली काळी जमीन. जयवंता तिकडं पाहत होती, तिचं माहेर अकोल्याच्या अंगालाच. आणि शेषराव मनात म्हणत होता, आत्ता विचारावं, गाडीच्या आवाजात विचारलेलं विचारल्यासारखं वाटणार नाही. मुर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं. त्यानं विचारलं नाही.

बागेचे सुपरिंटेंडंट भगवंतराव म्हणून होते. सरळ माणूस, चष्मा, हातात कायम पेन्सिल. चाळीस कुंड्या होत्या तिथं, अमरावतीच्या त्या अकरांच्याच फांद्यांपासून केलेल्या. अकोल्याचं ऊन हे अमरावतीच्या उन्हाचं थोरलं भावंड. चैत्र लागला नाही तो दुपारी रस्ते ओस पडायला लागले. भगवंतरावांनी तो छापील कागद पुठ्ठ्यावर चिकटवून कुंड्यांच्या मांडवाच्या खांबाला ठोकला होता. "शेषराव, तुमचीच रीत," ते म्हणायचे, "आपण एक अक्षर बदलायचं नाही. साहेबांना आठवड्याला कळवायचं आहे मला." दुपारी तीनला बागेतली घंटा व्हायची, की माळी झाऱ्या भरायचे. शेषराव पहिली झारी स्वतः घालायचा. माती काळी, पाणी धरून ठेवणारी. गोणपाटाखाली हात घातला तर गार, ओलं, आणि किंचित आंबूस. तो हात काढून घ्यायचा. मुळाशी ओल हवीच, त्याचा बाप म्हणायचा. त्याच्या बापानं जिरेनियम जन्मात पाहिलं नव्हतं, हे त्याला दर वेळी आठवायचं आणि दर वेळी तो ते विसरायचा.

तीन वेळा पाणी सुरू केल्याच्या बाराव्या दिवशी त्यानं एका झाडाचा देठ दोन बोटांत धरला आणि तो बोटांत राहिला. काळा, लिबलिबीत. चिखलदरा! शेजारचं पाहिलं, त्याचाही बुडखा काळवंडलेला. वर पानं हिरवीगार, दिमाखात उभी, आणि खाली मेलेली. चाळीसपैकी नऊ. त्यानं बोटं धोतराला पुसली, मग नाकाशी नेली. कुजकेपणातूनही तो वास येत होता, तिखट, लिंबाच्या सालीसारखा. आणि मांडवात उभ्याउभ्या त्याला ज्येष्ठातली ती दुपार आठवली. मधली अंधारी खोली, खाट, पेंगुळलेले डोळे, आणि हाच वास. बोटांचा नव्हता तो! बोटांना तर लग्नाची हळद आणि तूप लागलेलं होतं. वास वरून येत होता. आढ्याला जयवंताच्या लसणाच्या जुड्या टांगलेल्या असतात, बियाण्याची कणसं असतात, हिवरखेडला तिच्या बापाच्या घरी टांगतात तशी. त्या दुपारी त्यानं एकदा वर पाहिलं असतं! कुंड्या उपड्या, माती वेगळी, आणि झाडं लसणासोबत आढ्याला, मुळं वर, शेंडा खाली, थेंबभर पाण्याशिवाय, अंधारात झोपवलेली. रोज पाजलं का मूळ आळशी होते. बावीस वर्षांपूर्वी ती बोलली होती आणि सगळं घर हसलं होतं. सगळ्यांत मोठ्यानं तो हसला होता.

तो तसाच क्वार्टरकडं निघाला. दुपारचं ऊन रणरणत होतं, पायाखालची जमीन चटका देत होती. चालताना त्याला रडू येत होतं आणि आनंदही होत होता, कारण अजून एकतीस उरली होती. आजच्या आज उपटली, माती झाडली, टांगली, तर जगतील. फक्त पाहिजे ते सगळं ठाऊक नव्हतं. टांगण्याआधी पानं काढायची का? मधून मुळं ओली करायची का, की मुळीच नाही? उतरवायची कधी? हे एका माणसाला माहीत होतं साऱ्या वऱ्हाडात, आणि ते माणूस आत तांदूळ निवडत बसलं होतं.

"जमुनाची माय," तो दारातूनच म्हणाला, "तू थे झाडं टांगले होते. लसनाजोळ. व्हय का नाई?"

जयवंताचा हात सुपात थांबला. तिनं वर पाहिलं. आणि दसऱ्याच्या दिवशी दारात जो चेहरा होता तोच परत आला. तोंडावर सगळं येऊन थांबलेलं. हात तिनं पदराला पुसले. तिला त्यानं विचारलं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. ती थांबली होती, आणि कशासाठी थांबली आहे हे शेषरावाला कळत होतं, अगदी स्वच्छ कळत होतं; ते वाक्य त्याच्या जिभेवरही आलं होतं. मी चुकलो. नाव तुझं होतं. दोन छोटी वाक्यं. पण त्याच्या डोळ्यांपुढं खांबावरचा कागद आला, भगवंतरावांची पेन्सिल आली, वामनरावाचे पेढे आले.

"सांग लवकर," तो म्हणाला. "सांग, नाईत माही नोकरी जाईन."

तिच्या तोंडावरचं सगळं हळूहळू परत आत गेलं. तो ते जाताना पाहत होता आणि त्याला काही करता येत नव्हतं. तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. तांदळातून एक खडा उचलला, बाजूला ठेवला.

"मले काय मालूम जी," ती म्हणाली. आवाज गरीब, मान खाली. "दिवसातून तीन डाव पानी. सकाळी, दुपारी, सांजेले. आन् ओलं गोनपाट. तुमीच त सांगतलं मेमसाबले. जवाईबापूनं दोन डाव वाचून दाखवलं मले, पाठ झालं."

"जयवंता!" त्यानं तिला नावानं हाक मारली. कधी मारत नसे.

तिनं आणखी एक खडा काढला. बाहेर तीनची घंटा झाली. मांडवाकडून भगवंतरावांचा आवाज आला, "शेषराव, अहो शेषराव, पाण्याची वेळ झाली!" तो दारातून वळला. मग हौदावर गेला, झारी बुडवली, भरली, आणि कुंड्यांना पाणी घालायला लागला.